तवक्कुल आणि रोजची गोळी

उच्च रक्तदाब किंवा मधुमेह एकदा जडला की बहुधा आयुष्यभर सोबत राहतो. कराड परिसरातील अनेक घरांत कर्त्या पुरुषांना हा अनुभव आहे. दुकान, शेती, वाहनाच्या फेऱ्या यांत दिवस सरतो. दोन महिने बरे वाटले की गोळी बंद होते. विचारले तर उत्तर मिळते, ‘अल्लाह मालिक आहे.’ हे वाक्य सत्यच आहे. परंतु ते औषध सोडण्याचे कारण ठरू शकते काय?

तवक्कुलचा अर्थ

तिर्मिजीतील हदीस सर्वपरिचित आहे. उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवावा की मोकळा सोडून, असे एका व्यक्तीने विचारले असता प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी बांधण्याची व मग भरवसा ठेवण्याची शिकवण दिली. उंट मात्र एकदा बांधून भागत नाही. प्रत्येक मुक्कामी तो नव्याने बांधावा लागतो. दीर्घकालीन आजाराचेही तसेच आहे. डॉक्टर महिन्यातून एकदा भेटतात. उरलेले दिवस दावे रुग्णाच्याच हाती असते. रक्तदाब 140/90 च्या खाली आला, याचा अर्थ गोळी आपले काम करीत आहे. ती सोडली की तो पुन्हा चढतो, आणि पक्षाघाताचा धोका वाढतो.

हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) सतत रोजे ठेवीत व रात्रभर नमाज पढत, तेव्हा शरीराचाही आपल्यावर हक्क आहे, याची आठवण प्रेषितांनी (स.) त्यांना करून दिली. उपासनेतही जो हक्क सांभाळायचा, तो कामधंद्यात विसरून कसे चालेल?

आचरणात कसे आणावे?

अल्पसे असले तरी सातत्याने केलेले कर्म अल्लाहला अधिक प्रिय आहे. म्हणून डॉक्टरांना विचारून गोळ्यांच्या वेळा नमाजच्या वेळांशी जोडाव्यात. वुजू करताना मधुमेहींनी तळवे व बोटांमधील जागा निरखावी. न दुखणारी जखम तेथेच लपते. मीठ दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी असावे आणि आठवड्यात किमान 150 मिनिटे झपझप चालावे. तंबाखू सोडावी. रमजानपूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रोज्यात साखर 70 च्या खाली गेल्यास रोजा सोडावा; आजाऱ्यास कुरआनने (2:185) दिलेली सवलत ही अल्लाहची कृपा आहे.

जमाअतीची जबाबदारी

2017 मध्ये सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून प्रारंभी घेतलेल्या जिल्ह्यांत सातारा होता. औषधांचा अखंड पुरवठा व्हावा, ती घराजवळ मिळावीत आणि तपासणीस न आलेल्याची विचारपूस व्हावी, ही त्याची सूत्रे आहेत. यांतील शेवटचे काम आपणही करू शकतो. नेहमीचा नमाजी दोन दिवस सफमध्ये दिसला नाही तर आपण चौकशी करतो. तशीच एकमेकांच्या औषधाचीही करावी. पुरुष आपला आजार घरात सांगायला संकोचतो, पण सोबत्यापाशी बोलतो. इयादत अंथरुणास खिळल्यावरच करावी, असे थोडेच आहे?

अल्लाह आपणा सर्वांना या अमानतीची जपणूक करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.