‘सॉ’ला दुसरा शब्द हवाय ना?

अगं, वाचली तुझी गोष्ट. आवडली. आणि ‘सॉ, सॉ, सॉ’ वाचून तुझं तुलाच कंटाळवाणं झालं, तेही बरंच झालं. ‘ताई, यादी दे’ म्हणतेस, देते की. पण नुसती यादी हातात पडली तर तू आळीपाळीने शब्द चिकटवत सुटशील आणि तुझी सुमन स्टॉपवर उभी राहून बसला ‘बिहोल्ड’ करेल! हा शब्द जुन्या बायबलच्या इंग्रजीतला. आता वापरला तर थट्टेत, नाहीतर उगाच भारदस्त वाटावं म्हणून.

आधी बघणारीकडे बघ. किती वेळ बघतेय? मुद्दाम बघतेय की सहज नजर गेली? सुमन घड्याळाकडे बघते ते क्षणभर, पण मुद्दाम. तिथे ‘ग्लान्स्ड ॲट’ घाल. धावत्या रिक्षातून तिला वडील जेमतेम दिसतात, तिथे ‘कॉट अ ग्लिम्प्स ऑफ’. या दोघांत भलेभले घोटाळा करतात. ‘स्टेअर’ आणि ‘गेझ’ दोन्ही टक लावूनच, पण स्टेअरमध्ये आगाऊपणा असू शकतो किंवा सुन्नपणा. गेझमध्ये बहुधा ओढ असते, नाहीतर तंद्री. चष्म्याशिवाय चिठ्ठी वाचू पाहणारी आजी ‘पीअर’ करते. आणि ‘ग्लेअर’ काय असतं ते तुला सांगायला नको, आईने मोबाइल मागितला की तू तेच करतेस.

‘शी सॉ अ डॉक्टर’मधला ‘सॉ’ मात्र वेगळा. ते डॉक्टरकडे जाणं आहे, त्याला यातला एकही शब्द चालणार नाही.

थिसॉरस जरूर उघड. तो करणारा पीटर मार्क रॉजेट पेशाने डॉक्टर. चाकाचे आरे उभ्या फटींतून पाहिले की वाकडे का दिसतात, यावर त्याचा निबंध १८२५ मध्ये छापून आला होता. म्हणजे ‘बघणं’ हा त्याचा खास विषय म्हण ना! १८५२ च्या थिसॉरसमध्ये त्याने शब्द अर्थांच्या गटांत मांडले. पण एका गटातले म्हणून ते एकमेकांच्या जागी बसतात असं नाही. म्हणून शब्द तिथे सापडला तरी डिक्शनरीतलं उदाहरण वाचल्याशिवाय वापरू नकोस.

आणि खरं सांगू? तुझे निम्मे ‘सॉ’ बदलायचेच नाहीत, उडवायचे आहेत. ‘शी सॉ दॅट द डोअर वॉज ओपन’ कशाला? ‘द डोअर वॉज ओपन’ एवढं पुरे. गोष्ट सुमनच्या नजरेतूनच चालली आहे, दार दुसरं कोण बघणार? शेवटी वडील तिला बघूनही मान फिरवतात, तिथलं ‘ही सॉ हर’ मात्र ठेव. त्यांनी पाहिलं, हीच तिथली घटना आहे. तिथे ‘नोटिस्ड’ वगैरे घातलंस तर माझ्याशी गाठ आहे.

एवढं करून पाठव. तिसऱ्या पानावर ‘फेल्ट’चाही असाच सुळसुळाट आहे, पण त्याचं उद्या बघू.