संगणकाचे नूतनीकरण : आताच की काही काळाने?

शिवणयंत्र, पाण्याचा पंप किंवा छपाईयंत्र वीस वर्षे चालले तर त्याच्या मालकाला त्याचे कौतुकच वाटते. संगणकाच्या नशिबी हे कौतुक क्वचितच येते. तो बिघडण्यापूर्वीच जुना ठरतो. त्यामुळे घरातील विद्यार्थी, पेठांतील अक्षरजुळणीचा व्यावसायिक, लहान शाळा, ग्रंथालय किंवा सहकारी पतसंस्था या सर्वांपुढे काही वर्षांच्या अंतराने एकच प्रश्न उभा राहतो. हाताशी असलेल्या संगणकात आताच भर घालावी, नवा घ्यावा, की आणखी चांगले व स्वस्त यंत्र बाजारात येईपर्यंत थांबावे? रक्कम मर्यादित असते आणि ती एकदा खर्च झाली की बरीच वर्षे पुन्हा हाती येत नाही. म्हणूनच हा निर्णय विक्रेत्याच्या शब्दावर किंवा केवळ हौसेवर सोपविणे इष्ट नाही.

या प्रश्नाचा अभ्यास करण्यास पुण्यासारखे दुसरे शहर सापडणे कठीण. प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, ही संस्था १९८८ मध्ये याच शहरात स्थापन झाली. ‘आता की नंतर’ हा प्रश्न तिच्यापुढे फार मोठ्या प्रमाणावर अनेकदा आला. त्या अनुभवातून मिळणारे धडे घरातील संगणकालाही लागू पडतात.

थांबण्याचे गणित

थांबावे असे वाटण्यामागे एक ठोस कारण आहे. १९६५ मध्ये गॉर्डन मूर यांनी असे निरीक्षण मांडले की, एका चकतीवर बसविता येणाऱ्या सूक्ष्म घटकांची संख्या ठराविक काळाने दुप्पट होते. त्या काळी त्यांनी हा अवधी एक वर्षाचा धरला होता. १९७५ मध्ये तो दोन वर्षांचा केला. पुढे संगणकाचा वेग दीड वर्षात दुप्पट होतो, असा समज रूढ झाला.

हा समज क्षणभर खरा धरून हिशेब करून पाहावा. एखादे गणनकार्य आजच्या यंत्रावर सहा महिन्यांत पुरे होणार आहे. दीड वर्ष थांबून दुप्पट वेगाचे यंत्र घेतले तर ते तीन महिन्यांत होईल. परंतु थांबण्याचे अठरा महिने धरता एकूण एकवीस महिने लागतील. येथे थांबणे हा उघड तोटा आहे. आता तेच कार्य बावन्न महिन्यांचे आहे असे समजू. अठरा महिने थांबून नवे यंत्र घेतले तर ते सव्वीस महिन्यांत संपेल, म्हणजे एकूण चव्वेचाळीस महिने लागतील आणि आठ महिने वाचतील. दीड वर्षात दुप्पट या गतीने सीमारेषा सुमारे सव्वीस महिन्यांवर येते. त्याहून कमी मुदतीच्या कामासाठी थांबणे कधीच फायद्याचे ठरत नाही.

घरातील किंवा कार्यालयातील संगणकावर सव्वीस महिने अखंड चालणारे एकही काम नसते. तेथील कामे मिनिटांची आणि तासांची असतात व ती रोज नव्याने करावी लागतात. शिवाय वेगवाढीची गती पूर्वीइतकी राहिलेली नाही, त्यामुळे ही सीमारेषा आणखी पुढे सरकली आहे. तेव्हा ‘पुढे चांगले यंत्र येईल’ हे विधान खरे असले, तरी तेवढेच थांबण्यास पुरेसे कारण होत नाही.

जिस्ट कार्डाचा धडा

थांबले असते तर काय झाले असते, याचे बोलके उदाहरण मराठीच्याच इतिहासात आहे. १९८० च्या दशकात कार्यालयांत आलेले वैयक्तिक संगणक रोमन लिपीपुरते मर्यादित होते. भारतीय लिप्यांसाठी आयआयटी कानपूर येथे विकसित झालेले जिस्ट तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. त्यातून संगणकात बसविता येणारे जिस्ट कार्ड तयार झाले. संगणक तोच, त्यावरील नेहमीच्या आज्ञावल्या त्याच, पण एका कार्डाची भर पडताच पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटू लागली.

युनिकोडच्या आधारे देवनागरी हाताळण्याची सोय विंडोजमध्ये मुळातच आली ती २००० साली. म्हणजे ‘सर्व काही आपोआप होईल’ म्हणून जो थांबला असता, त्याचे मराठी काम जवळजवळ एक तप खोळंबले असते. ज्यांनी कार्ड घेतले त्यांचे काम त्याच वेळी सुरू झाले.

या उदाहरणाला दुसरी बाजूही आहे. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये इस्की हे मानक ठरले, तरी निरनिराळ्या संस्थांच्या टंकांनी आपापल्या सांकेतिक पद्धती वापरल्या. त्या पद्धतींत साठविलेला मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी पुढे परिवर्तनाचे वेगळे श्रम करावे लागले. यावरून असे दिसते की, यंत्र बदलण्यास उशीर झाला तरी चालेल, पण त्यातील माहिती सर्वमान्य स्वरूपात ठेवण्यास उशीर करू नये. यंत्र पाच-सात वर्षांचे सोबती असते. माहिती पिढ्यान्‌पिढ्या टिकवावयाची असते.

भर घालावी केव्हा, बदलावे केव्हा?

डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला. त्यात इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्यूटर वापरले होते. त्याच वर्षी इनमॉसने टी ९००० हा कितीतरी अधिक वेगवान ट्रान्सप्यूटर जाहीर केला. तो वर्षानुवर्षे रखडला आणि अपेक्षित वेग त्याला कधीच गाठता आला नाही. सी-डॅकने मात्र परमच्या मूळ रचनेला इंटेलच्या आय ८६० प्रक्रियकाची जोड दिली आणि परम ८६०० उभा केला. जाहीर झालेली वस्तू आणि हाती आलेली वस्तू यांत किती अंतर असू शकते, हे यावरून ध्यानात यावे.

असाच प्रसंग पुढे परम युवा या यंत्राबाबत आला. २००८ मधील या यंत्राची कमाल क्षमता ५४ टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदाला ५४ लाख कोटी गणनक्रिया इतकी होती. ८ फेब्रुवारी २०१३ रोजी परम युवा-२ चे अनावरण झाले. सुमारे तीन महिन्यांत आणि १६ कोटी रुपयांत केलेल्या या वाढीने कमाल क्षमता ५२४ टेराफ्लॉपवर गेली. प्रक्रियकांच्या जोडीला गणनेचा भार उचलणारे सहप्रक्रियक बसविणे, हे यातील मुख्य सूत्र होते. क्षमता जवळजवळ दसपट झाली आणि विजेचा वापर ३५ टक्क्यांनी घटला. योग्य जागी घातलेली भर किती फलदायी ठरते, याचा हा नमुना होय.

सर्वच ठिकाणी भर घालून भागत नाही, हेही पुण्यातच दिसते. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये प्रत्यूष हा महासंगणक आला. त्या काळी अंदाजासाठी वातावरणाचे सुमारे १२ किलोमीटरचे चौकोन पाडले जात. चौकोन ६ किलोमीटरचा करावयाचा तर लांबी व रुंदी या दोन्ही दिशांनी चौकोनांची संख्या दुप्पट होते. शिवाय गणनेचा कालखंडही निम्मा करावा लागतो. म्हणजे काम साधारणपणे आठपट वाढते. त्यामुळे येथे नवे यंत्रच आवश्यक होते. ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा अर्क हा महासंगणक सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रार्पित झाला आणि मे २०२५ मध्ये ६ किलोमीटर चौकोनाची भारत पूर्वानुमान प्रणाली सुरू झाली. हे यंत्र केवळ नवे निघाले म्हणून घेतलेले नव्हते. लहान क्षेत्रातील पावसाची सूचना शेतकऱ्याला वेळेवर मिळावी, ही गरज आधी ठरली आणि यंत्र त्या गरजेमागून आले.

घरच्या संगणकाची तपासणी

घरातील संगणकाबाबतही आधी अडसर कोठे आहे ते शोधावे. यंत्र सुरू होण्यास किंवा फाईल उघडण्यास फार वेळ लागत असेल, तर दोष बहुधा फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागी एसएसडी बसविल्यास जुन्या यंत्रातही लक्षणीय फरक पडतो. अनेक कामे एकाच वेळी उघडताच यंत्र मंदावत असेल, तर स्मृती म्हणजे रॅम अपुरी आहे. चित्रफितींचे संपादन किंवा मोठी आकडेमोड करतानाच ते अडत असेल, तर प्रक्रियकाची मर्यादा आली आहे असे समजावे.

पहिल्या दोन दोषांवर भर घालणे हा उपाय आहे. तिसऱ्यात सावधगिरी हवी. प्रक्रियक बदलावयाचा तर अनेकदा मदरबोर्ड बदलावा लागतो आणि मग बहुधा रॅमही बदलावी लागते. कारण डीडीआर ३, डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या पिढ्यांची रॅम एकमेकींच्या खाचेत बसत नाही. अशा वेळी जुन्या पिढीच्या सुट्या भागांवर मोठी रक्कम घालण्यापेक्षा नवे यंत्र घेणे शहाणपणाचे ठरते.

सुरक्षिततेचा विचार स्वतंत्रपणे करावा. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षा सुधारणांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवण्यात आली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि तुलनेने नवा प्रक्रियक लागतो. जे यंत्र या कसोटीस उतरत नाही, त्यावर लिनक्सवर आधारित प्रणाली बसविता येते. परंतु सुरक्षा सुधारणा मिळत नसलेल्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करीत राहणे धोक्याचे होय.

थांबण्याचीही किंमत असते

थांबणे फुकट असते, हा समज चुकीचा आहे. समजा, मंद संगणकामुळे एका अक्षरजुळणी करणाऱ्याची रोज वीस मिनिटे वाया जातात. वर्षातील ३०० कामाच्या दिवसांत हे १०० तास होतात. तासाचे मोल शंभर रुपये धरले तरी वर्षाला दहा हजार रुपयांचे नुकसान होते. या दोषावरील उपाय सहा हजार रुपयांत होणार असेल, तर सहा महिने थांबण्याचा तोटा पाच हजारांचा होईल. तो भरून निघण्यासाठी सहा हजारांची वस्तू एक हजाराला मिळावी लागेल!

भाव उतरतीलच, याचीही शाश्वती नसते. २०११ मध्ये थायलंडमध्ये आलेल्या पुरामुळे तेथील कारखाने बंद पडले आणि हार्ड डिस्कचे भाव जगभर कडाडले. २०२०-२१ मध्ये चिपांची टंचाई झाली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढल्याने २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चढले.

मात्र तीन प्रसंगी थांबणे योग्य ठरते. सध्याच्या यंत्रावर काम विनाअडथळा होत असेल, नवे काम कोणते येणार हे अद्याप ठरलेले नसेल, किंवा टंचाईमुळे भाव तात्पुरते चढलेले असून काम निभावत असेल, तर घाई करू नये. नव्या यंत्राचा मोह हे कारण मात्र या तीनांत बसत नाही.

निर्णय कोणताही झाला तरी संगणक उघडण्यापूर्वी त्यातील माहितीची प्रत दुसऱ्या ठिकाणी करून ठेवावी. काढलेली जुनी डिस्क पूर्णपणे पुसल्याशिवाय कोणाच्या हाती देऊ नये. निकामी भागांत शिशासारखी विषारी द्रव्ये असतात. ते भंगारात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावेत. यासंबंधीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आले आहेत.

जे काम आज अडले आहे त्यासाठी आजच खर्च करावा. जे अडलेले नाही त्यासाठी रक्कम राखून ठेवावी. जिस्ट कार्डापासून अर्कपर्यंतचा पुण्याचा अनुभव हेच सांगतो की, कोणते काम करावयाचे हे एकदा निश्चित झाले की कोणते यंत्र घ्यावे आणि केव्हा घ्यावे, हे ठरविणे फारसे अवघड राहत नाही.