अठरा पट्टे, तेरा गाड्या

नॉटिंगहॅममधल्या एका छोट्या पॅकेजिंग कारखान्याचे हिशेब मी बरीच वर्षं सांभाळले. 1 एप्रिल 2012 पासून तिथल्या सिटी कौन्सिलनं वर्कप्लेस पार्किंग लेव्ही लावली. घरपट्टी, पाणीपट्टी तशी ही पार्किंगपट्टी. कामगारांच्या गाड्या कारखान्याच्या आवारात लागतात म्हणून मालकानं जागेमागे वर्षाला 288 पौंड भरायचे. कायद्यानं हा अधिकार कौन्सिलांना 2000 सालीच मिळाला होता. तो वापरणारं ब्रिटनमधलं पहिलं शहर नॉटिंगहॅम.

व्यापाऱ्यांनी कडाडून विरोध केला. चेंबर ऑफ कॉमर्स विरोधात, आमचे मालकही विरोधात. त्यांची निवेदनं मीच टाइप करत होते आणि मनापासून करत होते. मंदीत हा नोकऱ्यांवरचा कर आहे, शहराच्या हद्दीपलीकडे पट्टी नाही म्हणजे कारखाने तिकडे जातील, सुपरमार्केटात येणाऱ्या गिऱ्हाइकाची गाडी फुकट आणि तिथे राबणाऱ्याच्या गाडीला पैसे, हे कुठलं शहाणपण? एक तक्रार तर मला आजही रास्त वाटते. पट्टीचा पैसा ट्रामसाठी होता, पण क्लिफ्टन आणि चिलवेलकडच्या नव्या ट्राम धावू लागल्या ऑगस्ट 2015 मध्ये. तीन वर्षं आधी पैसे भरायचे आणि ट्रामची वाट बघत बसायचं.

या भांडणाच्या भरात पट्टीसाठी लागणाऱ्या लायसन्सचा फॉर्म मी घाईत भरला. जागा किती? मी खिडकीतून जमिनीवरचे पांढरे पट्टे मोजले आणि 18 लिहिले. बिल आलं 5,184 पौंडांचं.

वर्ष सरत आल्यावर नियम शांतपणे वाचले. आखलेल्या जागांशी कौन्सिलला देणंघेणं नव्हतं. एका वेळी जास्तीत जास्त किती गाड्या उभ्या असतात ते विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला छत्री घेऊन आवारात गेले. दोन जागांवर लाकडी पॅलेटं रचलेली, एकीवर बंद पडलेली व्हॅन, दोन नुसत्या रिकाम्या. गाड्या तेरा. त्यातली एक अपंगांच्या ब्लू बॅजची, म्हणजे माफ. उरल्या बारा. आणि दहा किंवा त्याहून कमी जागा असल्या तर लायसन्स लागतं, पण पट्टी शून्य! अकरावी गाडी आली की मात्र पहिलीपासून सगळ्यांचे पैसे. दोन गाड्या कमी झाल्या असत्या तर वर्षभराचे 5,184 पौंड वाचले असते.

याहून मोठी चूक पगारपत्रकात झाली. पट्टी कामगारांकडून वसूल करायची की नाही, हे मालकावर असतं. आम्ही गाडी आणणाऱ्या प्रत्येकाचे महिना 24 पौंड कापले, मॅनेजरचे तेवढेच आणि पॅकिंगवालीचेही तेवढेच. पहाटे सहाच्या पाळीला तिला सोयीची बस नव्हती. ती गाडी पलीकडच्या गल्लीत लावू लागली. एका सकाळी तिनं वायपरखालची भिजलेली चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली: पुन्हा आमच्या दारात गाडी लावू नका. ती कपात मीच मांडली होती. मला मान वर करवेना.

पुढे मालकांनी कपात बंद केली, चौघांनी दोन गाड्यांत मिळून यायचं ठरवलं आणि आमचा आकडा दहावर आला. जे भरत राहिले त्यांचा दर 2019-20 मध्ये 415 पौंड झाला होता.

स्कॉटलंडच्या कौन्सिलांनाही 2019 च्या कायद्यानं हाच अधिकार मिळाला आहे. तेव्हा ब्रिटनमध्ये धंदा थाटलेल्या आपल्या मंडळींनो, पटत नसेल तर विरोध जरूर करा, निवेदनावर सहीही करा. पण त्याच आठवड्यात स्वतः आवारात उतरून गाड्या मोजा. आणि पगारातून कापायचंच ठरलं, तर पहाटेच्या पाळीला येणाऱ्यांना आधी विचारा.