कुडव्यात रानभाज्यांची पंगत : शंभर जणांना खर्च किती?

रानभाज्या, इथलाच तांदूळ आणि मोहफुलाचा लाडू अशी शंभर माणसांची पंगत गोंदियाजवळच्या कुडव्यात बसवायची असेल, तर माणशी 200 रुपये वर्गणी धरा. पैसे नीट वापरले तर एवढ्यात पोटभर जेवण होते आणि भाजी आणणाऱ्या बायांना योग्य दामही मिळतो. याहून कमी खर्चात होणारी जेवणे बहुतेक वेळा त्यांच्याच पैशात काटकसर करून झालेली असतात.

आधी खर्च न करता पाहण्याची सोय सांगतो. कृषी विभाग जागतिक आदिवासी दिनाला धरून, 9 ऑगस्टच्या आगेमागे, जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो. तिथे विकत घ्याल त्याचेच पैसे. आपल्या वस्तीत कार्यक्रम करणाऱ्यांनी तिथे नुसते खाऊन परतू नये. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव भागातून आलेल्या बचत गटांशी बोलावे, कोणती भाजी किती दिवस मिळते ते विचारावे आणि पुढची ऑर्डर तिथेच ठरवावी. मधला व्यापारी आपोआप कमी होतो.

आता हिशेब. इथले दर अंदाजाने धरलेले आहेत. पंगतीच्या आधीच्या आठवडी बाजारात विचारून ते बदलून घ्या.

भातापासून सुरू करू, कारण आपला जिल्हा धानाचा. माणशी 120 ग्रॅम म्हणजे 12 किलो तांदूळ लागेल. 60 रुपये दराने 720 रुपये. हा दर महाग वाटला तर असे पाहा : 2025-26 च्या खरिपात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये होता. सरकारी हिशेबात 100 किलो धानातून 67 किलो तांदूळ धरतात. म्हणजे भरडाई, पोते, वाहतूक काही न मोजताच किलोला 35 रुपयांच्या वर जातात, आणि हा भाव साध्या धानाचा आहे. एचएमटी त्याहून वर असतो. हे वाण शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातले नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी निवडून तयार केले. अशा पंगतीत ते आवर्जून शिजवावे. सुवासिक चिन्नोर घ्यायचा असेल तर भाताचा खर्च दुप्पट धरा. तो कुणी साध्या तांदळाच्या भावात देत असेल, तर घेऊ नका.

भाजीवर मात्र थोडे थांबावे लागेल. शंभर जणांना तरोट्याचा कोवळा पाला 10 किलो, वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) 6 किलो, काटवल 5 किलो आणि वड्यांसाठी धोप्याच्या (अळूच्या) पानांच्या 20 जुड्या पुरतात. तरोटा कढईत निम्म्याहून कमी होतो, म्हणून ढीग पाहून फसू नका. बाजारात तरोटा फार स्वस्त मागितला जातो, आणि मला हेच खटकते. समजा एका बाईने दिवसभरात चार किलो पाला खुडला आणि तो 40 रुपये किलोने विकला, तर तिच्या हाती 160 रुपये येतात. 2025-26 साठी महाराष्ट्रातली रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. म्हणून तरोट्याला किलोमागे 80 रुपये द्या. वास्त्यांना 100, काटवलाला 200 आणि धोप्याच्या जुडीला 10 रुपये धरले, तर सगळी भाजी 2600 रुपयांत येते. माणशी 26 रुपये झाले. ज्या गोष्टीसाठी माणसे जमणार, तिच्यावर एवढे तरी खर्च व्हायलाच हवेत.

सात्या, म्हणजे रानातली अळिंबी, शंभर जणांच्या पंगतीत घेऊ नका. त्या महाग असतात, दोन-चार दिवसच मिळतात, आणि अनोळखी अळिंबी पातेल्यात गेली तर जिवावर बेतते. घ्यायच्याच असतील तर वर्षानुवर्षे काढणाऱ्या ओळखीच्या माणसाकडूनच, चवीपुरत्या. वास्ते एक दिवस आधी आणावे लागतात : बारीक चिरून पाण्यात भिजवायचे, उकळायचे आणि ते पाणी फेकून द्यायचे. कच्च्या कोंबात विषारी घटक असतो, म्हणून हे काम घाईत उरकू नये. धोप्याला चिंच हवीच, नाहीतर घशाला खाज सुटते. एखाद्या भाजीबद्दल शंका असेल तर हिवऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवून घ्या.

बाकीचा किराणा असा : डाळ 5 किलो 650 रुपये, बेसन 3 किलो 300 रुपये, तेल, कांदा, लसूण, सांबार (कोथिंबीर), मसाला मिळून 1400 रुपये. मोहफुलाचे शंभर लाडू बचत गटाकडून 10 रुपये नगाने घेतले तर 1000 रुपये. भात-भाजी धरून शिध्याची बेरीज 6670 रुपये.

रांधणाऱ्या चार बायांना 600 रुपयांप्रमाणे 2400 आणि भाजी निवडणाऱ्या तिघींना 400 प्रमाणे 1200 रुपये. निवडण्याचे काम 'घरच्या बाया करतील' म्हणून फुकटात धरले जाते. तसे धरू नका. पहाटेपासून बसून करायचे काम आहे ते. व्यावसायिक गॅस सिलिंडरला 2000, पत्रावळी-द्रोणांना 600, मंडप, सतरंज्या आणि भांड्यांना 3000, गाडीभाड्याला 1500, पाण्याच्या जारला 200. एकूण 17,570 रुपये. त्यावर दहा टक्के अडीअडचणीसाठी ठेवले की आकडा 19,300 च्या घरात जातो.

यात शिधा आणि मजुरी मिळून 10,270 रुपये, म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा शेतकऱ्याकडे, रानातून भाजी आणणाऱ्याकडे आणि राबणाऱ्या हातांकडे जातो. तुमचे अंदाजपत्रक झाले की हा एक भागाकार जरूर करा. डीजे, फुलांची कमान, पाहुण्यांच्या शाली यांनी हे प्रमाण उलटे होत असेल, तर त्याच गोष्टी कापा. मंडपही टाळता येतो : शाळेचे किंवा समाजमंदिराचे आवार मागा, ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या आणि भांडी वस्तीतूनच जमवा. मग वर्गणी 170 पर्यंत उतरते. प्रत्येक घराने एकेक पदार्थ आणायचा ठरवले तर भात, डाळ आणि पत्रावळी एवढाच सामायिक खर्च राहतो, माणशी 50 रुपयांत भागते. पण तेव्हाही भाजी एकत्र आणि थेट बायांकडूनच घ्यावी.

प्लास्टिकच्या ताटल्या-पेल्यांवर राज्यात 2018 पासून आणि देशभर 1 जुलै 2022 पासून बंदी आहे. पळसाची पत्रावळ त्याहून थोडी महाग पडेल, पण तो पैसाही गावाकडेच जातो.

स्टॉल लावून विक्री करणार असाल तर प्रत्येक गटाची अन्नसुरक्षा नोंदणी पाहून घ्या. लहान व्यावसायिकांसाठी तिचे सरकारी शुल्क वर्षाला 100 रुपये आहे आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. त्यासाठी दलालाला हजार-दोन हजार देण्याचे कारण नाही. 2011 च्या नियमांत तात्पुरता स्टॉल लावणारे आणि सामाजिक-धार्मिक समारंभांत अन्न वाटणारेही नोंदणीच्या कक्षेत येतात.

पावसाळ्यात शेतीची कामे आणि चिखल नको असेल, तर दिवाळीनंतरचे दिवस धरा. मंडईचा (गावजत्रांचा) हंगाम असतो, नवा तांदूळ आलेला असतो, तलावांतले शिंगाडे आणि पुढे पोपटाच्या शेंगा मिळतात. तेव्हा भाजीचा खर्च थोडा उतरतो, पण शिंगाड्याचे पैसे ते काढणाऱ्या ढीवर कुटुंबांना आगाऊ द्यावे लागतात. निम्मी रक्कम ठरवतानाच द्या, उरलेली माल उतरल्याबरोबर. उधारीवर कुणाकडूनही भाजी घेऊ नका : वर्गणी आठ दिवस आधी गोळा करा आणि जेवढी जमली तेवढ्याच माणसांचा शिधा सांगा.