स्पिरिटचा स्टोव्ह : टिकतो किती आणि बिघडतो कुठे?



ऊस कारखान्याला घातला की साखरेचा हिशोब आपण चोख ठेवतो, मळीचा मात्र सहसा ठेवत नाही. एक टन उसामागे साधारण ४० ते ४५ किलो मळी निघते आणि तिच्यापासून डिस्टिलरीत सुमारे १० लिटर मद्यार्क, म्हणजे आपल्या बोलीत स्पिरिट, तयार होते. पेट्रोलमध्ये ते मिसळले जाते हे आता सर्वांना ठाऊक आहे. २०२५ साली देशात हे मिश्रण २० टक्क्यांपर्यंत गेले. पण आपल्याच उसाच्या स्पिरिटवर आपल्या घरची भाकरी भाजता येईल का?

येते. मात्र स्टोव्ह कोणता आणि तो कुठे दगा देतो, हे आधी समजून घ्यावे. कारण यात चूक झाली तर भाजते ते घरातल्या बाईमाणसालाच.

होडीवरचा स्टोव्ह

या स्टोव्हचा सर्वांत जास्त अनुभव परदेशातल्या शिडाच्या होड्यांवरील लोकांना आहे. गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर होडीच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीने स्फोट होतो. घासलेटचा वास आणि काजळी बंद खोलीत सोसवत नाही. म्हणून त्यांनी स्पिरिट धरले. त्यांच्याकडे दोन प्रकार चालले : एक पंपाचा, दुसरा डबीचा.

पंपाच्या स्टोव्हचे बिघाड

आपला जुना पितळी प्रायमस आठवा. काकडा लावून बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा. स्पिरिटचा पंपाचा स्टोव्हही तसाच. त्याची दुखणी अशी :

१) बर्नर नीट न तापणे. मग वाफेऐवजी पातळ स्पिरिटच बाहेर येते आणि भडका उडतो. होड्यांवरचे बरेच अपघात असेच झाले.

२) निपलचे भोक बुजणे. पिन मारावी, पण सारखी मारू नये. भोक मोठे झाले की ज्योत पिवळी पडते आणि निपल बदलावेच लागते.

३) पंपाचे चामडी वायसर सुकणे. हवा धरत नाही. थेंबभर तेल लावले की बहुधा चालते.

४) चावीचे पॅकिंग गळणे. हा सर्वांत वाईट बिघाड. गळती दिसली की स्टोव्ह पेटवूच नये, आधी पॅकिंग बदलावे.

डबीच्या स्टोव्हचे बिघाड

यात पंप नाही, निपल नाही, दाब नाही. डबीत स्पिरिट शोषून घेणारा भराव असतो. वरच्या तोंडातून वाफ येते, ती जळते. पट्टी सरकवून आच कमी-जास्त करायची. झिजणारे भागच थोडे असल्याने पोलादी सांगाडा चांगला असेल तर असा स्टोव्ह वर्षानुवर्षे टिकतो. तरी पुढील गोष्टी पाहाव्यात :

१) स्पिरिट उडून जाणे. वापर नसताना तोंडावर रबराचे झाकण बसवावे. रबर चिरले की बदलावे.

२) पट्टी वाकणे किंवा गंजणे. मग ज्योत पुरती विझत नाही.

३) पाणी शिरणे. स्पिरिट हवेतला ओलावा ओढते. पाणी वाढले की आच मंदावते.

४) मळकट स्पिरिट. त्यातला गाळ भरावात बसतो, ज्योत दिवसेंदिवस लहान होत जाते.

५) जास्त भरणे. डबी भरल्यावर आडवी करून पाहावी. थेंब गळला तर जादा स्पिरिट काढून टाकावे.

फलटण आणि इथिओपिया

आपल्याच राज्यात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काम केले. त्यांनी निम्मे पाणी असलेल्या मद्यार्कावर चालणारी शेगडी तयार केली. हेतू असा की, मद्यार्क ९५ टक्क्यांपर्यंत ऊर्ध्वपातित करायचा खर्च वाचावा आणि आगीचा धोकाही कमी व्हावा.

होडीवरचा डबीचा स्टोव्ह मात्र इथिओपियात पोहोचला. तिथल्या फिंचा साखर कारखान्यात मळीपासून काढलेले स्पिरिट सोमाली निर्वासितांच्या छावणीत स्वयंपाकाला वापरले गेले. तिथल्या बायांना सरपणासाठी छावणीबाहेर दूर जावे लागे, त्यात जिवाचा आणि अब्रूचा धोका होता. ऊस वाढवणाऱ्याने हे जरूर लक्षात घ्यावे.

हिशोबाची बाजू

स्पिरिटमध्ये गॅसपेक्षा उष्णता कमी. १४.२ किलोच्या एका सिलिंडरइतक्या उष्णतेला ३० ते ३३ लिटर स्पिरिट लागेल, म्हणजे सुमारे तीन टन उसाच्या मळीचे. तेव्हा गॅस मिळतो तिथे तो सोडून स्पिरिटमागे लागण्यात फायदा आहेच असे नाही. जिथे सिलिंडर पोहोचत नाही आणि चुलीच्या धुराने डोळे जातात, तिथे त्याचा खरा उपयोग.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. डिस्टिलरीचे स्पिरिट परवान्याशिवाय कॅनमध्ये घरी आणणे गुन्हा आहे. आणि डिनेचर्ड स्पिरिट विषारी असते. त्यात मिथेनॉल असेल तर दृष्टी जाते, जीवही जातो. पाण्याच्या बाटलीत ते कधीही भरू नका. पोराबाळांना काय कळणार, बाटलीत काय आहे ते?

लक्षात ठेवा

● गरम वा पेटत्या स्टोव्हमध्ये स्पिरिट कधीही ओतू नये. डबी बाहेर काढून, पूर्ण गार झाल्यावर, दूर नेऊन भरावी.

● उन्हात स्पिरिटची ज्योत दिसत नाही. ‘विझला’ म्हणून हात घालू नये. आधी तळहात वर लांब धरून धग लागते का पाहावे.

● स्पिरिटची आग पाण्याने विझते, घासलेटची नाही. पण पाणी भरपूर हवे. तांब्याभर पाण्याने भागत नाही, कारण निम्मे पाणी मिसळले तरी ते जळते, हे फलटणच्या शेगडीनेच दाखवले आहे. स्टोव्हशेजारी भरलेली बादली असावी.

● स्वयंपाकाच्या वेळी खिडकी उघडी ठेवावी. डोळे चुरचुरले तर ज्योत नीट जळत नाही असे समजावे.

स्टोव्ह साधा असो की भारी, तो टिकतो वापरणाऱ्याच्या हाताने. घरात हा लेख वाचून दाखवावा, विशेषतः स्वयंपाक करणाऱ्यांना, ही विनंती.