हरणं शेतात येतात? माळा कुठे बांधाल, कुंपणाला किती लागेल, भरपाई कशी मिळेल

सोयाबीन दोन पानांवर आलं की हिंगोली, सेनगाव, कळमनुरीच्या माळरानावर हरणांचे कळप उतरतात. हरभऱ्याच्या वेळी पुन्हा तेच. जागल करायची तर माळा बांधावा लागतो, आणि बहुतेक जण तो शेताच्या मधोमध बांधतात. तिथून दिसतं सगळं, पण तुम्ही उठून ओरडेपर्यंत दोन तासं साफ झालेली असतात. माळा जनावर आत शिरतं त्या धुऱ्यावर हवा.

ती जागा शोधायला एक सकाळ द्या, पैसा लागत नाही. धुऱ्याच्या कडेने पूर्ण फेरी मारा. खुरांचे ठसे, लेंड्यांचा ढीग, तुडवलेलं गवत कुठे आहे ते बघा. रोही एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो, त्यामुळे त्याची वाट लपत नाही. हरीण उघड्या माळावरून, गायरानाच्या बाजूने येतं, कारण त्याला लांबवर दिसायला हवं असतं. रानडुक्कर उलट, ओढ्याच्या झाडोऱ्यातून आणि नाल्याच्या घळीतून येतं. कयाधूकाठचं शेत असेल तर नाल्याचं तोंड आधी तपासा. शेत माळाला लागून असेल तर उतार जिथे सौम्य आहे आणि बांध जिथे खचला आहे, ती जागा बघा.

वाऱ्याचं गणित शिकाऱ्याच्या उलट आहे. शिकारी आपला वास लपवतो, तुम्हाला तो पोचवायचा आहे. म्हणून वारा तुमच्याकडून जनावराच्या वाटेकडे जाईल असे बसा. पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून असतो, हिवाळ्यात दिशा बदलते. खरिपातला माळा रब्बीत त्याच जागी उपयोगी पडेलच असं नाही. त्यामुळे खांब पक्के गाडू नका, हलवता येईल असाच बांधा. बल्ल्या, बाज, वर ताडपत्री एवढं पुरतं. एकट्या उंच झाडाला माळा बांधू नका, वीज पडते. महावितरणच्या तारेखाली तर नाहीच. रात्री खाली उतरताना पायात बूट आणि हातात बॅटरी हवीच, साप असतात.

कुंपणाचा विचार असेल तर आधी लांबी मोजा. एक एकराच्या चौरस शेताचा घेर साधारण 255 मीटर. चार एकरांचा सलग चौरस असेल तर घेर 510 मीटरच्या आसपास. म्हणजे चार शेजाऱ्यांनी एकेक एकर वेगळा वेढला तर हजार मीटरच्या वर कुंपण लागतं, एकत्र वेढलं तर निम्मं. शेजाऱ्याशी अबोला असेल तर तो इथे महाग पडतो.

सौर कुंपणाला डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत अनुदान आहे: किमतीच्या 75 टक्के किंवा 15 हजार रुपये, यातलं जे कमी असेल ते. 20 हजारांच्या संचाला तुमचे 5 हजार जातात. दुकानदाराने 26 हजारांचा संच गळ्यात मारला तर तुमचे 11 हजार, कारण अनुदान 15 हजारांच्या पुढे सरकत नाही. तुमचं गाव योजनेत बसतं का, हे संच घेण्याआधी वन कार्यालयात विचारा. दरपत्रकात खांब, तार, अर्थिंग, वाहतूक आणि बसवणी धरली आहे का, हेही लेखी घ्या. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते आणि तारेखालचं गवत सतत काढावं लागतं. हा खर्च कोणी सांगत नाही.

घरच्या लाईनची वीज तारेत सोडू नका. सौर संच क्षणभराचा झटका देतो, थेट वीज माणूस मारते. दरवर्षी यात शेतकरीच जातात. त्यात वीजचोरीचा गुन्हा वेगळा. हरणाला मारणं तर दूरच ठेवा: काळवीट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, शिक्षा 3 ते 7 वर्षे कैद आणि किमान 25 हजार दंड. रोही किंवा रानडुकराबाबतही वन खात्याच्या लेखी परवान्याशिवाय काही करू नका.

नुकसान झालंच तर भरपाई मागा. तक्रार घटनेपासून तीन दिवसांत जवळच्या वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाकडे द्यायची. सोबत सातबारा, आठ-अ, आधार, बँक पासबुकाची प्रत आणि फोटो. फोटोत ठसे आणि खाल्लेलं पीक एकत्र दिसू द्या. पंचनाम्यापर्यंत शेत नांगरू नका. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी सांगितलेलं धरलं जात नाही. सातबाऱ्यावर पीकपेरा नोंदवलेला नसेल तर इथेच अडतं, म्हणून ई-पीक पाहणी वेळेत करा. वनजमिनीवरच्या अतिक्रमणातल्या पिकाला भरपाई नाही.

रक्कम टप्प्यांनी ठरते. नुकसान लहान असेल तर पूर्ण, मोठं असेल तर टक्केवारीने, आणि वर कमाल मर्यादा. 2015 च्या शासन निर्णयात ती 25 हजार होती, नंतर वाढली. चालू दराचा तक्ता कार्यालयात बघायला मागा. सामाईक सातबारा असेल तर इतर खातेदारांचं संमतीपत्र आधीच तयार ठेवा, नाहीतर फाईल तिथेच थांबते.

‘साहेबांचं बघून घेतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. सेवा केंद्रात अर्ज भरला तर पावती मागा. पंधरा दिवसांत पंचनाम्याला कोणी आलं नाही तर लेखी स्मरणपत्र द्या आणि वन खात्याच्या 1926 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. आज सकाळी पीक खाल्लेलं दिसलं असेल तर तक्रार आजच द्या, परवा सुट्टी असू शकते.