पानाची मांडणी : ‘फ्लोट’ आणि ‘क्लिअर’ यांचे कार्य

ग्रामपंचायतीची सूचना, शाळेचा प्रवेश-तपशील किंवा एखाद्या योजनेची माहिती आता फलकाबरोबरच संकेतस्थळावरही प्रसिद्ध केली जाते. मजकूर अचूक असला तरी मांडणी सदोष असल्यास वाचकाची दिशाभूल होते. एका पाणीपुरवठा योजनेचा नकाशा खाली घसरून पुढील योजनेच्या शीर्षकाशेजारी जाऊन बसला, तर तो त्या दुसऱ्या योजनेचाच आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. असा दोष पुष्कळदा ‘फ्लोट’ या गुणधर्माच्या अपुऱ्या आकलनातून उद्भवतो.

मूळ हेतू

वेब पृष्ठाचे रूप व मांडणी ठरविणाऱ्या ‘सीएसएस’ या भाषेची पहिली आवृत्ती वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १७ डिसेंबर १९९६ रोजी प्रमाण म्हणून स्वीकारली. ‘फ्लोट’ व ‘क्लिअर’ हे दोन्ही गुणधर्म तेव्हापासून तिच्यात आहेत. वृत्तपत्रात चित्राच्या कडेने जसा मजकूर छापतात, तशी सोय पडद्यावर करणे हा ‘फ्लोट’चा मूळ हेतू होय.

दोष कसा निर्माण होतो?

सर्वसाधारण क्रमात पृष्ठाचे विभाग एकाखाली एक येतात. चित्रास ‘फ्लोट : लेफ्ट’ असे सांगितले की ते या क्रमातून बाहेर पडून डाव्या कडेस जाते आणि पुढील मजकूर त्याच्या उजवीकडून वाहू लागतो. मात्र चित्र ज्या विभागात आहे तो विभाग आपली उंची मोजताना चित्राची उंची जमेस धरीत नाही.

समजा, विभागाची रुंदी ६०० पिक्सेल आहे. चित्र २०० पिक्सेल रुंद व १५० पिक्सेल उंच असून त्याच्या उजवीकडे १६ पिक्सेल मोकळी जागा आहे. मजकुरास ३८४ पिक्सेल रुंदी मिळेल. मजकूर २४ पिक्सेल उंचीच्या तीन ओळींचा असल्यास विभागाची उंची ७२ पिक्सेल भरते आणि चित्र ७८ पिक्सेल खाली लोंबकळते. पुढील विभागाचे शीर्षक साहजिकच त्याच्या शेजारी येते.

उपाय

पुढील शीर्षकास ‘क्लिअर : बोथ’ हा गुणधर्म दिल्यास ते चित्राच्या खाली उतरते. केवळ डाव्या किंवा उजव्या चित्रापुरता विचार करावयाचा असल्यास ‘लेफ्ट’ अथवा ‘राइट’ हे मूल्य वापरावे. तथापि, पहिल्या विभागाची चौकट तेवढ्याने वाढत नाही. चित्र चौकटीतच सामावावे, यासाठी त्या विभागास ‘डिस्प्ले : फ्लो-रूट’ हे मूल्य द्यावे. प्रत्यक्ष संहितेत ही सर्व नावे रोमन लिपीतच लिहावी लागतात.

लहान पडद्याचा विचार

३२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर वरील चित्राशेजारी मजकुरास केवळ १०४ पिक्सेल उरतात. देवनागरीतील लांब जोडशब्द तेथे मावणे कठीण होते. म्हणून अरुंद पडद्यासाठी ‘मीडिया क्वेरी’द्वारे ‘फ्लोट : नन’ करून चित्र मजकुराच्या वर ठेवणे इष्ट ठरते. दृष्टिहीन वाचकांसाठीचे वाचक-तंत्र मजकूर सामान्यतः संहितेतील क्रमानेच वाचून दाखविते. तेव्हा चित्र व त्याचे पर्यायी वर्णन संबंधित विभागातच असले पाहिजे.

पूर्वी संपूर्ण पृष्ठाचे स्तंभही ‘फ्लोट’ने रचीत असत. प्रमुख ब्राउझरांत २०१७ पासून ‘ग्रिड’ पद्धती उपलब्ध झाल्याने त्या कामासाठी ती अधिक योग्य आहे. चित्राभोवती मजकूर वाहता ठेवणे, हे कार्य मात्र आजही ‘फ्लोट’चेच आहे.

पृष्ठ प्रसिद्ध करण्यापूर्वी मजकूर दोन ओळी कमी व दोन ओळी अधिक करून, तसेच भ्रमणध्वनीवर उघडून पाहावा. शिक्षकांनी हा प्रयोग विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यास नियमामागील कारण त्यांच्या सहज ध्यानी येईल. कोणते चित्र कोणत्या मजकुराचे, हे नागरिकास प्रथमदर्शनी कळणे, हीच चांगल्या मांडणीची कसोटी होय.